घाटावरची रंगपेटी

पाच दिवस, आठ माणसे आणि एकच गाव! नर्मदाकाठच्या महेश्वरला चित्रसहल न्यायची, तर तिची आखणी कशी करावी?

डिसेंबरातल्या सकाळी साडेसातच्या सुमारास महेश्वरच्या घाटावर कोवळे ऊन उतरते. नर्मदेच्या पाण्यावर धुक्याचा पातळ पदर असतो. खालच्या पायऱ्यांवर स्नानाला आलेल्यांचे ‘नर्मदे हर’ चाललेले असते. वरच्या पायऱ्यांवर मात्र सात-आठ माणसे मांडीवर बोर्ड घेऊन गप्प बसलेली दिसतात. ही यात्रेकरू मंडळी नव्हेत आणि पेशाने चित्रकारही नव्हेत. कुणी बँकेतून निवृत्त झालेले, कुणी शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई, कुणी मुलांची लग्ने उरकून जरा मोकळी झालेली गृहिणी. ही सारी चित्रसहलीला आलेली असतात.

अशा सहलीला येणाऱ्या बहुतेकांच्या हातात ब्रश शेवटचा आलेला असतो तो शाळेत. महाराष्ट्रात शिकलेल्यांनी ‘एलिमेंटरी’ आणि ‘इंटरमिजिएट’ या चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या असतात, त्यांची प्रमाणपत्रे अजून कुठल्याशा फाइलमध्ये जपलेली असतात. मग दहावीचे वर्ष आले, रंगपेटी माळ्यावर गेली आणि पुढे नोकरी, संसार, आजारपणे, हप्ते यांच्या रगाड्यात ती खाली काढायचे राहूनच गेले. तीस-पस्तीस वर्षांनी ती पेटी पुन्हा उघडायला धैर्य लागते. त्या वेळी शेजारचा सहज हसला, शिकवणाऱ्याने न विचारता कागदावर आपला ब्रश फिरवला, किंवा ‘चला, गाडी सुटते’ म्हणून अर्धे चित्र गुंडाळावे लागले, तर पेटी जी मिटते ती बहुधा कायमची.

म्हणून चित्रसहलीची आखणी म्हणजे नुसती तिकिटे आणि खोल्या नव्हेत. गटातल्या सर्वांत भित्र्या माणसाला कोऱ्या कागदासमोर निर्धास्त बसता आले पाहिजे. बाकीची सगळी व्यवस्था त्यासाठी करायची.

महेश्वरच का?

मध्य प्रदेशातल्या खरगोन जिल्ह्यात, नर्मदेच्या उत्तर तीरावर हे लहानसे गाव वसले आहे. इंदूरहून रस्त्याने ते सुमारे ९० किलोमीटरवर आहे. मुंबई आणि पुण्याहून इंदूरला थेट रेल्वे आहे. धुळ्याकडून आग्रा रोडने येणाऱ्यांना खलघाटच्या पुलावर नर्मदा ओलांडून धामणोदहून महेश्वरला वळता येते.

मराठी माणसाला हे गाव परके वाटतच नाही. नगर जिल्ह्यातल्या (आताचा अहिल्यानगर जिल्हा) चौंडी गावी १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ या काळात येथूनच राज्यकारभार पाहिला. १३ ऑगस्ट १७९५ रोजी त्यांनी देह ठेवला तोही येथेच. किल्ल्यातला त्यांचा वाडा पाहून नवखा माणूस थबकतो. लाकडी खांब, साधी ओसरी, आटोपशीर चौक. महाराष्ट्रातल्या एखाद्या बऱ्यापैकी वाड्याहून तो फारसा भपकेबाज नाही.

चित्रकलेशी असलेले नातेही जुने आहे. इंदूरला दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी चित्रकलेचे शिक्षण सुरू केले आणि त्या शाळेतून ना. श्री. बेंद्रे यांच्यासारखे चित्रकार पुढे आले. मकबूल फिदा हुसेन यांनीही तेथे काही काळ धडे गिरवले. देवळालीकरांचे आणखी एक शिष्य डी. जे. जोशी तर मूळचे महेश्वरचेच. नर्मदेचे घाट त्यांच्या चित्रांत पुन्हा पुन्हा येतात.

शिवाय लहान गटाच्या दृष्टीने महेश्वरचा मोठा गुण म्हणजे त्याचा आटोपशीरपणा. किल्ला, देवळे, छत्र्या, घाट, होड्या, विणकरांचे माग आणि बाजार हे सारे पायी फिरण्याच्या टप्प्यात आहे. सकाळी बोर्ड काखोटीला मारून निघावे आणि दहा-पंधरा मिनिटांत जागेवर बसावे. बस भरण्या-उतरवण्यात वेळ जात नाही.

माणसे किती, दिवस किती?

सहा ते आठ माणसांचा गट उत्तम. चारपेक्षा कमी असले, तर खर्च अंगावर येतो. दहाच्या पुढे गेले, की शिकवणाऱ्याला प्रत्येकाजवळ दहा मिनिटेही बसता येत नाही आणि घाटावर जत्रा भरल्यासारखे दिसते. आठ माणसे दोन-दोन, तीन-तीन करून पायऱ्यांवर विखुरली, तर गावाला त्यांचा अडथळा होत नाही.

दिवस किमान पाच, रात्री चार. सहल आखणाऱ्यांकडून हमखास होणारी चूक येथे टाळावी. ‘एवढे लांब जातोच आहोत, तर मांडू, ओंकारेश्वर, उज्जैन सगळेच उरकून घेऊ’ हा मोह भल्याभल्यांना सुटत नाही. दर्शनाच्या सहलीत ते ठीक आहे. चित्रसहलीत मात्र गाव बदलले, की नव्याने बिचकणे आले. पहिल्या दिवशी माणूस नुसता बावरतो, दुसऱ्या दिवशी त्याला जागा कळते, तिसऱ्या दिवशी हात सुटतो. हात सुटायच्या वेळीच सामान बांधायला लावणे म्हणजे पान वाढून झाल्यावर पंगत उठवण्यासारखे आहे.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. निमाडचा उन्हाळा कडक असतो आणि पावसाळ्यात नदी चढली, की खालच्या पायऱ्या पाण्याखाली जातात. तारखा ठरवताना पंचांग उघडून पाहावे. कार्तिकी पौर्णिमा, मकरसंक्रांत, नर्मदा जयंती, महाशिवरात्र आणि स्नानाच्या अमावास्या या दिवशी घाटावर पाय ठेवायला जागा नसते. गर्दी रंगवण्याचा सराव असलेल्यांना ती पर्वणी वाटेल, पण नवख्यांच्या गटाने ते दिवस टाळावेत. चित्रपटांच्या चित्रीकरणासाठीही हा घाट लोकप्रिय आहे. ‘पॅडमॅन’ (२०१८) येथेच चित्रित झाला होता. त्यामुळे निघण्यापूर्वी उतरण्याच्या ठिकाणी फोन करून घाट मोकळा आहे ना, हे विचारून घ्यावे.

खोल्या घेताना पहिला प्रश्न विचारावा : घाटापासून चालत किती मिनिटे? खोली थोडी साधी चालेल, पण जवळ हवी. यामागे एक व्यावहारिक कारण आहे, ते सहसा कुणी बोलून दाखवत नाही. तीन-तीन तास एका जागी बसायचे तर स्वच्छतागृह जवळ लागते. गटातल्या स्त्रिया, वयस्कर मंडळी आणि मधुमेहाचे रुग्ण यांचा अर्धा आनंद या एका गोष्टीवर अवलंबून असतो. ती सोय नसली, तर बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुपारी डोके धरून बसतात.

पैशांचा हिशेब पहिल्याच दिवशी कागदावर असावा. प्रवास, निवास, जेवण, होडी, शिकवणाऱ्याचे मानधन आणि किरकोळ असे रकाने पाडून प्रत्येकाला त्याची प्रत द्यावी. ऐनवेळी कुणी गळाले, तर किती रक्कम परत मिळेल हेही आधीच लिहून ठेवावे. चार जुन्या मैत्रिणींतले रुसवे बहुधा अशा न लिहिलेल्या ओळींतूनच निघतात.

उजेडाचे वेळापत्रक

चित्रसहलीचे खरे वेळापत्रक सूर्य ठरवतो. म्हणून गाव निवडले, की तेथल्या घाटाचे तोंड कुणीकडे आहे, हे आधी पाहावे.

महेश्वरला नर्मदा पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते आणि घाट उत्तर तीरावर आहेत, म्हणजे त्यांचे तोंड दक्षिणेला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकून जातो. परिणाम असा, की थंडीच्या दिवसांत घाटावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊनच ऊन असते. पायऱ्यांवर बसून सरळ नदीकडे पाहिले, तर सूर्य डोळ्यांवर येतो, पाणी चकाकते आणि होड्या काळ्या आकृत्यांसारख्या दिसतात. दृश्य सुंदर, पण नवख्याला अवघड. त्याऐवजी घाटाच्या कडेने, नदीला समांतर पाहावे. सकाळी पश्चिमेकडे तोंड करून बसले, तर सूर्य पाठीमागे डावीकडे राहतो. बुरूज, छत्र्या आणि पायऱ्या यांची एक बाजू उजळलेली, दुसरी सावलीत, अशी सोपी विभागणी समोर मिळते. दुपारनंतर पूर्वेकडे तोंड करावे. मावळतीला मात्र पुन्हा वळून प्रवाहाच्या दिशेने पाहावे, कारण हिवाळ्यात सूर्य त्याच बाजूला, पाण्यावर लाल पट्टा ओढत मावळतो.

सकाळी साडेसात ते साडेदहा आणि दुपारी साडेतीन ते साडेपाच या कामाच्या वेळा. मधला वेळ जेवण, झोप आणि गप्पांचा. सकाळचे चित्र दुपारच्या उजेडात ‘पुरे’ करायला बसू नये. तासा-दीड तासात सावल्या जागा बदलतात आणि चित्रात एका खांबाची सावली डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे असा घोळ होतो. सुरुवातीलाच सावल्यांच्या कडा पेन्सिलीने पक्क्या करून ठेवाव्यात आणि पुढे सूर्य कुठेही गेला, तरी त्या हलवू नयेत.

बसण्याची जागा शक्यतो सावलीत शोधावी. पांढऱ्या कागदावर थेट ऊन पडले, की डोळे दिपतात आणि रंग जास्तच गडद लावले जातात. खोलीत आल्यावर तेच चित्र भलतेच गडद किंवा मळकट दिसते. सावली नसेल, तर मोठी छत्री कामी येते. ती एकाला धरायला लावण्यापेक्षा स्टुलाला बांधावी.

पिशवीत काय असावे?

थोडे आणि हलके. नवखा माणूस दुकानात गेला, की चोवीस रंगांची पेटी घेऊन येतो आणि प्रत्येक रंग एकदा तरी लावल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. जलरंगांच्या सहा-सात नळ्या पुरतात : पिवळा, येलो ऑकर, लाल, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, आणखी एक निळा आणि हवाच असेल तर एक हिरवा. काळ्या रंगाची गरज नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना कमी-जास्त मिसळून महेश्वरच्या काळसर दगडाच्या सगळ्या छटा निघतात. निळा जास्त झाला तर सावलीतला थंड दगड, तांबूस जास्त झाला तर उन्हात तापलेला.

कागद जाड असावा. पातळ कार्ट्रिज कागद पाणी लागताच फुगतो आणि दोष स्वतःच्या हाताला दिला जातो. ३०० ग्रॅम वजनाचा खरबरीत कागद महाग पडतो, म्हणून तो लहान तुकड्यांत कापून आणावा. २२ बाय ३० इंचांच्या ताव्यातून साडेसात बाय अकराचे आठ तुकडे निघतात. लहान कागद लवकर भरतो आणि बिघडला तरी जीव हळहळत नाही. पहिल्या दोन दिवसांसाठी एवढा आकार पुरे.

याशिवाय दोन गोल ब्रश, एक लहान आणि एक मोठा. ४बी पेन्सिल, खोडरबर, बोर्ड आणि चार क्लिपा, कारण नदीवरचा वारा कागद केव्हा उडवील याचा नेम नसतो. घडीचे स्टूल, जुन्या सुती पंचाचा तुकडा, पाण्याच्या दोन बाटल्या (एक रंगाची, एक पिण्याची, आणि दोन्ही एकसारख्या नसाव्यात!), टोपी. निमाडची हिवाळी हवा कोरडी असते, रंग भरभर सुकतो. म्हणून पाणी शिंपडायची लहान बाटली जवळ असावी. गटप्रमुखाकडे औषधांची पेटी, जास्तीचे कागद आणि जास्तीचे दोन ब्रश हवेत. प्रत्येक सहलीत कुणीतरी ब्रश घरी विसरून येतोच.

पाच दिवस कसे जावेत?

पहिल्या दिवशी दुपारी पोहोचल्यावर रंग उघडायचेच नाहीत. पोस्टकार्डाच्या पुठ्ठ्याला मधे चौकोनी खिडकी कापून ती प्रत्येकाच्या हाती द्यावी आणि गावभर फिरावे. खिडकीतून पाहिले, की एवढ्या पसाऱ्यातून काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हे कळू लागते. काड्यापेटीएवढी पाच-सहा रेखाटने वहीत करावीत. त्यात कुणाची परीक्षा नसते, म्हणून भीतीही नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर एकाच रंगात काम. नुसता बर्न्ट सिएना घ्यायचा आणि उजेड, मधला आणि गडद अशा तीन छटांत समोरचा बुरूज बसवायचा. शिकवणाऱ्याने आधी वीस मिनिटे स्वतः करून दाखवावे आणि मग बाजूला व्हावे. त्या दिवशी संध्याकाळी अहिल्येश्वराच्या देवळासमोर विठोजीराव होळकरांची छत्री घ्यावी. यशवंतराव होळकरांच्या या भावाला १८०१ मध्ये पुण्यात हत्तीच्या पायी देण्यात आले. छत्रीच्या जोत्यावरही हत्तींचीच रांग कोरलेली आहे. ती कथा आधी सांगितली, म्हणजे दगडातले हत्ती रंगवणाऱ्याचा हात आपोआप सावकाश चालतो.

तिसरा दिवस होडीचा. समोरच्या तीरावर नावडातोडी आहे. महेश्वरचा किल्ला पुरता पाहायचा तर तो येथूनच. दक्षिण तीरावरून उत्तरेकडे पाहताना हिवाळ्यातला सूर्य पाठीशी असतो आणि तट, पायऱ्या, शिखरे, पाण्यातले बाणेश्वराचे देऊळ हे सारे दिवसभर उजेडात राहते. नवख्यांना यापेक्षा सोपे आणि भव्य दृश्य मिळणे कठीण.

या नावडातोडीची आणखी एक ओळख आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२-५३ मध्ये महेश्वर आणि नावडातोडी येथे, आणि १९५७ ते १९५९ या काळात पुन्हा नावडातोडीला उत्खनन केले. त्यात ताम्रपाषाण काळातल्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. त्या वस्तीतल्या तांबूस भांड्यांवर काळ्या रंगाने त्रिकोण, जाळ्या, हरणे आणि नाचणाऱ्या आकृत्या काढलेल्या आहेत. साडेतीन हजार वर्षांपूर्वी या काठावर कुणीतरी रोजच्या वापराच्या मडक्यावर हरीण काढत बसले होते. त्याने परीक्षा दिली नव्हती, प्रदर्शन भरवले नव्हते. ‘मला कुठे चित्र येते?’ म्हणणाऱ्याला ही गोष्ट त्या काठावर बसून सांगावी.

होडी ठरवताना भाडे, वेळ आणि परतीची वेळ आधी बोलून घ्यावी. प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे. वरच्या बाजूला धरणे आहेत, त्यामुळे पाण्याची पातळी कमी-जास्त होते. खालच्या पायऱ्यांवर सामान मांडण्यापूर्वी नावाड्याला विचारावे आणि तो सांगेल ते ऐकावे. खडकांमधून नर्मदा अनेक धारांनी फुटते ते सहस्रधारा हे ठिकाण प्रवाहाच्या खालच्या अंगाला आहे. तेथे जायचेच तर काठावरूनच रंगवावे, खडकांवर उतरू नये.

चौथ्या दिवशी सकाळी विणकरांकडे. महेश्वरी साडी विणणाऱ्यांना अहिल्याबाईंनी येथे आश्रय दिला. मधल्या काळात खालावलेल्या या कलेला १९७८ मध्ये सुरू झालेल्या ‘रेहवा सोसायटी’ने पुन्हा बळ दिले. साडीच्या काठावर चटई, वीट, लहर अशी नक्षी असते आणि तिचा उगम किल्ल्याच्या दगडी नक्षीत आहे, असे विणकर सांगतात. गटाने हाच खेळ करावा. आधी मागावरचा काठ वहीत उतरवायचा, मग किल्ल्याच्या भिंतीवर तो शोधत हिंडायचे. लहान मुले या खेळात मोठ्यांना हरवतात.

त्याच दिवशी दुपारनंतर सर्वांनी दुसऱ्या दिवशीच्याच जागी जाऊन बसायचे. तोच बुरूज, त्याच पायऱ्या, पण आता सगळे रंग हाती. सकाळी दिसलेला बुरूज दुपारच्या उजेडात निराळाच भासतो, पण ओळख जुनी असते. पहिले चित्र आणि हे चित्र शेजारी ठेवले, की तीन दिवसांत काय घडले ते माणसाला दुसऱ्या कुणी सांगावे लागत नाही.

पाचव्या दिवशी सकाळी चहा, पोहे-जिलेबी, शेवटचे एक चित्र आणि दुपारी निरोप.

ज्यांना रंगवायचे नाही त्यांचे काय?

चित्रसहली सर्वांत जास्त बिघडतात त्या येथे. पत्नी रंगवते आणि यजमान दर पंधरा मिनिटांनी ‘झाले का?’ विचारतात. किंवा उलटे. मग तिचे लक्ष कागदावर कमी आणि मागे उभ्या राहिलेल्या चपलांकडे जास्त. सोबत येणाऱ्यांचा दिवस वेगळा आखावा, म्हणजे दोघांचीही सुटका होते. एका गाडीतून त्यांना मांडू पाहून यावे. किल्ला, राजवाडा, देवळे सावकाश पाहावीत. परिक्रमेला निघालेले लोक याच गावातून जातात, त्यांच्याशी दोन गोष्टी बोलाव्यात. साडीखरेदी तर आहेच. फक्त संध्याकाळच्या चित्रांच्या बैठकीला सर्वांनी एकत्र यावे.

जेवणाची कुरबुर होत नाही. दाल-बाटी, ज्वारीची भाकरी आणि निमाडातली अंबाडीची भाजी मराठी जिभेला आपलीच वाटते. पहिल्या दिवशी मात्र तिखट बेताने खावे. निमाड मिरचीसाठी प्रसिद्ध आहे, हे लक्षात असावे!

घाटाचा मान

घाट हे देवाचे आणि रोजच्या जगण्याचे ठिकाण आहे. तेथे लोक स्नान करतात, पूर्वजांना पाणी देतात, कपडे धुतात. स्नान करणाऱ्या स्त्रियांकडे तोंड करून बोर्ड लावू नये, त्यांचे फोटो घेऊ नयेत. रंगाचे पाणी नदीत ओतू नये. बाटलीत साठवून खोलीवर न्यावे. पायऱ्यांवर ठिकठिकाणी शिवलिंगे आहेत, त्यांवर पिशव्या टेकवू नयेत.

पाहायला मुले गोळा होणारच. नवख्याला त्याचा संकोच वाटतो, कारण पाठीमागून कुणी पाहते आहे म्हटले, की हात थरथरतो. मुलांना हाकलण्याऐवजी दोन कागद आणि पेन्सिली द्याव्यात. पाच मिनिटांत तीही पायरीवर बसून होडी काढू लागतात आणि मग पाहणारा कुणी उरत नाही.

संध्याकाळची बैठक

दिवसाची चित्रे रात्री जेवणापूर्वी भिंतीशी ओळीने मांडावीत. नावे नाहीत, नंबर नाहीत, बक्षीस नाही. एकच नियम असावा : प्रत्येकाने दुसऱ्याच्या चित्रातली आपल्याला आवडलेली एक गोष्ट सांगायची, आणि ती नेमकी असली पाहिजे. ‘छान आहे’ चालणार नाही. ‘पाण्यातले देऊळ दूर गेल्यासारखे वाटते’ हे चालेल. आपले मत नेमके सांगायचे, तर आधी चित्र नीट पाहावे लागते. आणि नीट पाहिले गेले, एवढ्यानेच भित्र्या माणसाचे अर्धे ओझे उतरते.

शिकवणाऱ्याची निवड करताना हेच पाहावे. फार मोठा चित्रकार हवाच असे नाही. जो दुसऱ्याच्या कागदाला परवानगीशिवाय हात लावत नाही, सुधारणा दाखवायची तर वेगळ्या चिठोऱ्यावर दाखवतो आणि शेवटच्या पायरीवर एकटे बसलेल्याकडे आधी जातो, असा माणूस हवा.

गाव दुसरे, नियम तेच

महेश्वर लांब पडत असेल, तर हाच आराखडा दुसरीकडे नेता येतो. वाईजवळच्या मेणवलीला कृष्णेचा घाट आणि नाना फडणविसांचा वाडा आहे. बुंदेलखंडात ओरछाला बेतवेकाठच्या छत्र्या आहेत. कर्नाटकात तुंगभद्रेकाठी हंपीचे दगड आहेत. फक्त उजेड नव्याने तपासावा. वाराणसीचे घाट पूर्वेला तोंड करून आहेत. तेथे सकाळ सोन्याची आणि दुपारनंतर सावली, म्हणून वेळापत्रक पहाटेकडे सरकवावे लागते. बाकी लहान गट, एकच गाव, जवळची खोली आणि नंबर नसलेली बैठक या गोष्टी कुठेही बदलत नाहीत.

परतीच्या गाडीत बोर्ड वरच्या फळीवर ठेवले जातात. चित्रे फार मोठी झालेली नसतात. एखाद्याचा बुरूज कललेला असतो, एखादीची नर्मदा जरा जास्तच निळी झालेली असते. पण घरी पोहोचल्यावर खरे काय ते कळते. सामान उलगडताना रंगपेटी पुन्हा माळ्यावर जाते, की जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर राहते? ती कोपऱ्यावर राहिली आणि पुढच्या रविवारी खिडकीतल्या कुंडीचे चित्र झाले, तर सहल सफल झाली असे खुशाल समजावे.